नीलगंगा मॅडमची कोरी

माणसाबद्दल असं काही लिहायचं ते तो माणूस गेल्यावर, असा आपल्याकडे रिवाज आहे. मग खाडाखोड करायला तो येत नाही. नीलगंगा मॅडम अजून आहेत. अक्कलकोटला भाचीकडे राहतात, मोतीबिंदू काढल्यापासून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि आमच्या कॉलेजचा हा विशेषांक त्यांच्या पत्त्यावर जाणार आहे. हे सगळं ठाऊक असून मी लिहायला बसलोय.

संपादक प्राध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "रेवणप्पा, मॅडमच्या सगळ्यात जवळ तुम्ही राहिलात. दोन पानं द्या की. गमतीजमती लिहा."

गमती आहेत. त्या आधी सांगतो. त्यांच्यामागचं जे आहे ते सांगायला मला सतरा वर्षं लागली.

मॅडम बुटक्या. इरकली साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात बांगडी नाही, कपाळावर विभूती नाही. सोलापुरातल्या लिंगायत घरातली बाई कपाळ मोकळं ठेवून कामाला येते म्हटल्यावर लोक बोलायचे. मॅडम सांगायच्या, "विभूती घरी लावते. इथं राखसुद्धा बोलते." आणि केसांना तेलाचा थेंब नाही. त्यामुळे केस वाळलेल्या गवतासारखे चहूबाजूंनी उभे. शिपाई मंडळी त्यांना मागून 'कोरडी बाई' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. त्यांना ते आवडायचंही, असं मला वाटतं.

त्यांचं नाक म्हणजे एक प्रकरण होतं. प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायच्या. "रेवणप्पा, आज खोबरेल. बाहेर. डोकं धुवून ये." "ए मुली, हाताला क्रीम लावलंस? याक गं? आज लग्न आहे का?" 'याक' म्हणजे का, रागावल्या की त्यांची कानडी वर यायची. एकदा खुद्द प्राचार्य अत्तर लावून आले. मॅडमनी दार लोटून घेतलं आणि खिडकी उघडली. "सर, तुम्ही असं खिडकीतून बोला. ऐकू येतंय मला." प्राचार्य बिचारे बागेतल्या झेंडूत उभे राहून दहा मिनिटं बजेटवर बोलले.

हे सगळं कशासाठी, तर तेलासाठी. मॅडमचं एक वाक्य होतं, नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ऐकवायचं: "मांस जातं. हाडाचा भुगा होतो. नाव तर तिसऱ्या पिढीलाच जातं. तेल राहतं."

त्यांचा विषयच तो. भीमाकाठच्या पांढरीतून, म्हणजे उजाड गावठाणाच्या टेकाडातून, निघालेली जुनी खापरं यायची. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी त्या मडक्यात काहीतरी शिजवलेलं. त्याची स्निग्धता खापराच्या छिद्रांत जाऊन बसते आणि तिथेच राहते. मॅडम खापर कुटायच्या, द्रावकात भिजवायच्या, उतरलेला अर्क यंत्रात सोडायच्या. यंत्र त्यातले रेणू एकेक करून वेगळे काढायचं आणि कागदावर उंच-ठेंगण्या रेघा उमटायच्या. बाकी जग त्यांना इंग्रजीतलं 'पीक', म्हणजे शिखर, म्हणतं. मॅडम 'काठ्या' म्हणायच्या. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, तशा. "आज किती काठ्या निघाल्या रे?" पहिली मानाची, दुसरी तिच्या मागची. प्रत्येक काठी म्हणजे एक रेणू.

मग पुढची पायरी, वजनाची. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. अर्क बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचे आणि महिन्यांनी आकडे यायचे. मी बारावी पास, सहायक म्हणून लागलेला. मला त्यांनी ते असं समजावलं: "कार्बन म्हणजे एका घरातले दोन भाऊ धर. एक सडपातळ, एक अंगानं. स्वभाव तोच, आडनाव तेच. पण ज्वारी, ऊस असली पिकं जाड्या भावाला त्यातल्या त्यात जास्त आत घेतात. गहू, तांदूळ, करडई त्याला दारातूनच परत पाठवतात. म्हणून पीक गेलं, खाणारा गेला, तरी तेलातला कार्बन सांगतो की ते कुठल्या घरचं."

गणिताच्या सरांनी एकदा 'जंगलचा शुद्ध मध' म्हणून बाटली आणली आणि स्टाफरूममध्ये बोटाबोटानं चाटायला दिली. मॅडमनी थेंबभर मागून घेतला आणि खापरांच्या अर्कांबरोबर पाठवून दिला. दीड महिन्यानं आकडा आला. भर स्टाफरूममध्ये मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या मधमाश्या फुलांवर बसतच नव्हत्या. त्या श्रीपूरला ऊस तोडायला जात होत्या." सर पुढे वर्षभर त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले नाहीत.

आणि एक खापर. तळहाताएवढं, एका बाजूनं काळं. त्यातून दुधाची स्निग्धता निघाली, तीही जड कार्बनची. मॅडमनी ते खापर हातमोज्याच्या बोटात धरलं आणि त्याच्याशी बोलल्या, शेजारणीशी बोलावं तसं. "बाई गं, तुझं दूध उतू गेलं होतं. कडबा खाऊन आलेलं जनावर होतं की तुझं, कडबा नाहीतर तसलंच राठ गवत. लक्ष कुठं होतं तुझं?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. हजारो वर्षांपूर्वी एका बाईचं क्षणभर लक्ष उडालं, ते हिला इथे बसून कळतं. मग माझं काय काय कळत असेल? आज लिहितानाही ते वाटणं अंगावर येतं. तेव्हा लपवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता कोरीबद्दल सांगायला हवं.

कुठलाही नमुना तपासण्याआधी मॅडम एक 'कोरी' घ्यायच्या. तीच बाटली, तोच द्रावक, तेच हात, सगळ्या पायऱ्या त्याच. फक्त नमुना नाही. काहीच नसलेलं काहीच यंत्रात सोडायचं. त्यात काठी निघाली तर ती आपली घाण: हाताची, हवेची, बाटलीची. ती आधी ओळखायची, म्हणजे नंतर दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. "कोरी म्हणजे आपण," मॅडम म्हणायच्या. "आपण किती मळलेले ते आधी बघायचं, मग दुसऱ्याबद्दल तोंड उघडायचं. कोरी आधी." बाकी कामं आम्हाला द्यायच्या, पण कोरीच्या बाटलीचं झाकण कुणाला लावू द्यायच्या नाहीत. स्वतः फिरवायच्या, बाटली प्रकाशाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "आयतु." झालं. ती बाटली फ्रिजमध्ये जायची.

सतरा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या तोंडावर श्रीपूरकडच्या एका उसाच्या फडात आकाशातून दगड पडला. धडाका झाला, तोडणीवाल्यांचे बैल दावं तोडून पळाले. सरकारी भूगर्भ खात्याची माणसं आली आणि मोठा तुकडा पेटीत घालून घेऊन गेली. मॅडमची त्या खात्याशी वर्षानुवर्षं पत्रापत्री होती, त्यामुळे अभ्यासाला म्हणून अक्रोडाएवढा एक तुकडा त्यांना मिळाला. काळा, कोळशासारखा, बोट लावलं तर भुगा होईल असा. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि डोळे मिटले.

"रेवणप्पा, पृथ्वी नव्हती तेव्हाचं ढेकूळ आहे हे."

मी विचारलं, "यात जीव असंल का मॅडम?"

"जीव नाही रे. जीवाचा किराणा. डाळ-तांदूळ कुठून आले ते बघायचं. इथलेच, की वरनं पुड्या बांधून आले. वरचा कार्बन आपल्यापेक्षा जड असतो, लपत नाही." मग हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं वाट बघितली मी याची."

कागदपत्रांवर सह्या व्हायच्या होत्या म्हणून मॅडम श्रीपूरला थांबल्या. दगड भट्टीत तापवलेल्या पत्र्याच्या पन्नीत गुंडाळून काचेच्या बरणीत ठेवला आणि बरणी माझ्या हातात दिली. "थेट लॅब. चहाला नाही, पाण्याला नाही. लघवी टेंभुर्णीला उरकून घे."

टेंभुर्णीला एस्टी बदलली. बरणी मांडीवर. शेजारचा माणूस वाकून वाकून बघत होता.

"काय हाय त्यात?"

"औषध."

"कुनाला?"

"मॅडमना."

"लई आजारी हायत काय हो?" तो एकदम हळवा झाला आणि खिडकीकडे सरकून त्यानं मला जागा करून दिली.

मला मात्र त्या बरणीची धास्ती वाटत होती. माझी बायको, सुनंदा, सातव्या महिन्यात होती. वरून पडलेली वस्तू मांडीवर घेऊन मी ती होती त्याच गावात चाललो होतो. हे कुणाला बोलून दाखवलं नसतं, पण वाटत होतं.

सोलापुरात उतरलो तर यण्णीमज्जनाचा दिवस. म्हणजे यात्रेतला तेलाचा दिवस. काठ्या निघतात आणि गावातल्या अडुसष्ट लिंगांना तेल लावतात. रस्ते बंद, कॉलेजकडे रिक्षा जाईना. आम्ही तेव्हा बाळीवेशीत राहायचो, घर दोन गल्ल्यांवर होतं. म्हटलं, गर्दी सरेपर्यंत टेकावं, सुनंदाला बघावं. बरणी सगळ्यात उंच म्हणून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. सुनंदा झोपली होती. मी अंगणातल्या नळावर पाय धुतले, शेजाऱ्याशी चार शब्द बोललो. पंधरा मिनिटं. फार तर वीस.

आत आलो तर आई पाटावर बसलेली. समोर पितळेचं ताट, ताटात तो दगड, आणि आई वाटीतलं कोमट करडईचं तेल त्याच्यावर धार धरून सोडत होती.

"आई! काय केलंस हे?"

"काय क्येलं? आबाळातनं आलाय त्यो. आज गावभर अडुसष्ट लिंगास्नी तेल लावत्यात, आन् घरला आल्याला देव कोरडा ठिवू व्हय?"

"देव नाही गं तो! दगड आहे. मॅडमचा आहे!"

"मॅडमचा कसा? त्या काय वर ऱ्हात्यात व्हय?" मग सुनंदाकडे बघून आवाज खाली आणला. "सून सात म्हयन्याची हाय. वरनं पडल्यालं घरात आलं, त्येची शांती नगं करायला? बघ की ताटात. एक थेंब न्हाय. समदं पिला. राग न्हाय त्येचा आता."

मी ताटात बघितलं. खरंच, ताट कोरडं होतं. वाटीतलं चमचाभर तेल त्या अक्रोडाएवढ्या काळ्या ढेकळानं शोषून घेतलं होतं आणि वरून काही दिसत नव्हतं. पहिल्यासारखाच काळा. आईला देवाची भीती होती, मला मॅडमची; आणि त्या क्षणी मला दोन्हींची वाटली. धुतलेल्या धोतराच्या तुकड्यानं दगड टिपला, पन्नीत गुंडाळला, बरणीत घातला आणि गर्दीतून वाट काढत पळालो.

तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर मॅडमनी मला झाडून काढलं असतं, आईच्या नावानं कानडीत बोटं मोडली असती आणि खात्याला पत्र लिहून दुसरा तुकडा मागितला असता. हे आज कळतं. तेव्हा मी हंगामी होतो. कायम करण्याची फाईल त्यांच्या टेबलावर होती आणि घरात पाळणा हलायचा होता. मी स्वतःला समजावलं, तेल वरच लागलं असेल, मॅडम आतलाच भाग घेतील.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोर कोरी घेतली. झाकण लावलं, प्रकाशाकडे धरली. "आयतु." मग दगड कुटला, तो एवढासा म्हणून सगळाच. अर्क काढला. आणि यंत्राच्या सिलिंडरमध्ये बघितलं तर एकाच खेपेपुरता वायू. नवा सिलिंडर तीन दिवसांनी येणार.

मॅडम उभ्याच राहिल्या. एका हातात कोरी, दुसऱ्या हातात दगडाचा अर्क. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाई करताना बघितलं. "कोरी नंतर," त्या म्हणाल्या, आणि कोरी फ्रिजमध्ये ठेवली.

यंत्र सुरू झालं. ते चालताना बारीक फुसफुसतं. ती फुसफूस मला आजही ऐकू येते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. कागद सरकला. आधी बारीक बारीक काठ्या आल्या, पाच-सहा, कधी न पाहिलेल्या. मॅडम कागदावर वाकल्या. आणि मग दोन काठ्या अशा चढल्या की कागद संपला. त्यांच्या पायाशी त्या बारीक काठ्या कुठे गेल्या ते दिसेना.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही करडई आहे," त्या म्हणाल्या.

मी यंत्राचा नळ बंद करायला वळलो.

"रेवणप्पा, वाटेत कुणी हात लावला?"

"नाही मॅडम."

"घरी नेलास?"

"नाही मॅडम. थेट इथं."

त्यांनी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून एकदाच विचारलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ठीक. कोरी आहे आपल्याकडे. कोरीतही तेल निघालं तर ते आपल्या हातातनं आलं. कोरी स्वच्छ निघाली तर ते इथं येण्याआधीच दगडाला लागलं होतं. कोरी सांगेल."

कोरी सांगेल. आणि दगड इथं येण्याआधी होता माझ्याकडे.

तीन दिवस. फ्रिजची मोटार सुरू झाली की मी हातातलं काम टाकून तिकडे बघायचो. जेवण उतरत नव्हतं. आई विचारायची, "दिष्ट लागली का रं?" तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम जेवायला घरी गेल्या. मी फ्रिज उघडला, कोरीची बाटली काढली, झाकण काढलं आणि बाटली खिडकीत उन्हात ठेवली. द्रावक अर्ध्या तासात उडून गेला. मग झाकण नुसतं वर टेकवलं आणि बाटली होती तिथे ठेवून दिली.

सिलिंडर आला. मॅडमनी बाटली काढली. बोटाच्या धक्क्यानं झाकण फिरलं. आत कोरडं.

उघडी राहिलेली कोरी म्हणजे फुटलेला साक्षीदार. तिच्यात नंतर काय जाऊन बसलं, कुणी सांगावं? हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"झाकण..." त्या म्हणाल्या. "हिचं झाकण कुणी लावलं होतं?"

मी म्हणालो, "तुम्हीच लावलं होतं, मॅडम."

वाक्य खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नाही. खरं वाक्य बोलून इतकं खोटं करता येतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली आणि हात उलटसुलट करून बघितले. बराच वेळ बघितले. त्या रोज सकाळी त्यांच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पायांना तेल चोळायच्या. करडईचंच. ते मला तेव्हा कळलं, त्यांच्या तोंडून. "त्या दिवशीपण चोळलं होतं," त्या म्हणाल्या. "मोज्यातून येणार नाही. पण ज्या हाताला झाकण लावता आलं नाही, त्यानं मोजा कसा घातला असेल कुणास ठाऊक."

त्यांनी नवीन कोरी घेतली. ती स्वच्छ निघाली. मला वाटलं, आता तरी. पण मॅडमनी मान हलवली. "त्या दिवशीचे हात त्या दिवशीच. हे धुतलेले आहेत."

खात्याला त्यांनी पत्र लिहिलं आणि टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं. तीन ओळी होत्या. नमुना माझ्या हातून दूषित झाला. कोरी न तपासता मी घाई केली. पुन्हा नमुना मागण्याचा अधिकार मला नाही. खाली सही. त्याच आठवड्यात माझी फाईल पुढे गेली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: कामात चोख, हात स्वच्छ.

त्यानंतर मॅडमनी नमुन्याला हात लावला नाही. विद्यार्थ्यांच्या मागे उभ्या राहून शिकवायच्या, हात पाठीमागे बांधलेले, शाळेत बाईंनी उभं केलेल्या मुलीसारखे. "तू धर. तू ओत. झाकण तू लाव, घट्ट." दारातलं वास घेणंही बंद झालं. एक मुलगी मोगऱ्याचा गजरा माळून आत आली आणि मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. पाच वर्षं नोकरी शिल्लक असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभात गणिताच्या सरांनी मधाची बाटली भेट दिली. सगळे खूप हसले, मॅडमही.

मला मुलगी झाली. धडधाकट. आई मरेपर्यंत सांगायची, "देवानं तेल घेतलं, पोर दिली." तिला मी कधी खोडून काढलं नाही.

ती मुलगी आता बारावीला आहे. आम्ही जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला, तिथे तिला अभ्यासाची वेगळी खोली आहे. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलची वही घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, हे ब्लँक कशाला घ्यायचं? त्यात तर काहीच नसतं."

मी वही मिटून तिच्या हातात परत दिली. तिनं बघितलं. सतरा वर्षांत कधी ना कधी, कुणीतरी, हेच विचारणार म्हणून मी घाबरून होतो; फक्त ते तोंड हिचं असेल असं वाटलं नव्हतं. त्याच रविवारी मी अक्कलकोटला गेलो. सांगायलाच गेलो होतो.

दार भाचीनं उघडलं. मॅडम आत स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, आणि चापून तेल लावलेलं. मला ते बघवेना.

"रेवणप्पा! ये की. जाडा भाऊ झालास तू."

चहा झाला. माझं लक्ष फळीवर गेलं. मिठाची बरणी, चटणीची, लोणच्याची: एकाही बरणीला झाकण नव्हतं. कुणावर बशी पालथी, कुणाला फडकं बांधलेलं. भाची माझ्या नजरेकडे बघून म्हणाली, "आत्याला झाकणं चालत नाहीत. लावली तर उठून उठून बघत बसते, नीट लागलं का म्हणून. मग काढूनच टाकली सगळी."

मॅडम हसल्या. मग थोड्या वेळानं, विषय नसताना म्हणाल्या, "एक विचारू रे? त्या दिवशी अव्वाचे पाय चोळल्यावर मी साबणानं दोनदा हात धुतले होते. कॉलेजात येऊन पुन्हा एकदा. तू होतास ना नळापाशी? बघितलंस का तू?"

"धुतले असतील, मॅडम."

"असतील नको. बघितलंस का?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं: ताट, तेल, आई, खिडकीतलं ऊन. आणि त्या वाट बघत होत्या, मान तिरकी करून, कागदावर काठी उमटायची वाट बघायच्या तशा. मी म्हणालो, "बघितले, मॅडम. नळाखाली साबणानं धुतले तुम्ही."

पुन्हा एक खरं वाक्य.

"मग आलं कुठनं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. खापराला विचारतात तसं.

निघताना त्यांनी शेंगाचटणीनं भरलेली काचेची बाटली पुढे सरकवली आणि पदराखालून झाकण काढून माझ्या हातात दिलं. "तू लाव. तुझा हात पक्का." मी झाकण फिरवलं. त्यांनी बाटलीला बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. "आयतु?"

"आयतु, मॅडम."

कोपऱ्यावर वळताना मागे बघितलं. दारात उभ्या होत्या. निरोपाला हात हलवला नाही. हात पाठीमागे होते.

ती चटणी मी अजून उघडलेली नाही. हा अंक त्यांच्याकडे पोचेल आणि मग काय होईल याची मला आत्ता, हे लिहिताना, त्या तीन दिवसांत वाटली होती तेवढीच भीती वाटते आहे. नोकरीची आता नाही. त्या हे वाचून माझ्याकडे बघतील त्याची. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच दिलेलं आहे आणि उरलेलं अर्धं माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

कोरीचं झाकण तुम्हीच लावलं होतं, मॅडम. घट्ट लावलं होतं. मला ते हातानं निघेना. फडकं घ्यावं लागलं.